किशनला हाताने सांगायचं राहिलं

रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम
६ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा फोन आला की मी कानाला लावते आणि नुसतं हो-हो करते, हे तुला कळलंच असेल. परवा तू मला, आई जेवलीस का, असं विचारत होतीस म्हणे, आणि मी सांगितलं की तूर सोंगायला आली. कान गेलेच आता. म्हणून हे पत्र. सातवीपर्यंत शिकले ते कुठेतरी कामी येऊ दे.

तुझ्या किशनदादाला जाऊन येत्या माघात वर्ष होईल. सांगावं की नाही असं झालं होतं, पण तुला नाही तर कुणाला सांगू? किशन गेला नाही गं. दिवेलागणीला मी चुलीपुढे असते आणि पाठीमागे जमीन हलते. त्याला ऐकू यायचं नाही म्हणून आपण पाय आपटून बोलवायचो, आणि तोही आपल्याला तसाच बोलवायचा. अगदी तसंच. वळून पाहते तर कुणी नाही. कान गेल्यापासून माझे तळपाय जास्तच जागे झालेत. शेजारची बेबीबाई म्हणते की काकू, तुमाले बाहेरचं लागलं, शिरपूरच्या अलीकडे एक जाणता आहे, त्याच्याकडे चाला. मी तिला म्हटलं की माझंच लेकरू मला बाहेरचं कसं होईल.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून मनात पाल चुकचुकते. वर्षश्राद्धाला तू घरी यावंस असं फार वाटतं. तुझ्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले (तुला अजून ‘तो’च म्हणतात) की त्याले बोलावशील तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील. मग मी भांड्यांवर राग काढला.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.
तुझी आई,
रुख्मिणी


नागपूर
१६ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिवणाच्या दुकानात मशीनवर बसून वाचलं आणि ब्लाउजची बाही उलटी लावून बसले. मालकीणबाई रागावल्या. तुझ्यामुळे ऐकून घेतलं, लक्षात ठेव.

तुझ्या कानांचं वाचून वाईट वाटलं, पण मी एक उपाय आधीच धरून ठेवलाय. दर रविवारी दुपारी मी खुणांची भाषा शिकते, ऑनलाइन. आमच्यासारख्या ट्रान्स आणि क्विअर मुलामुलींसाठीच हा वर्ग आहे. आधी मी दुसऱ्या एका वर्गात जात होते. तिथे माझ्याकडे बोट करून मिशीला पीळ द्यायचे, कारण पुरुषाची खूण ती. मी नाकातल्या चमकीची, म्हणजे बाईची खूण करायची आणि ते पुन्हा मिशी. शेवटी सोडला तो वर्ग. इथे रंजीता मॅडम शिकवतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, आणि त्या माझ्यासारख्याच आहेत. वर्गात आवाज सगळ्यांचा बंद. टाळ्यासुद्धा हात हवेत हलवून.

पहिल्याच दिवशी मॅडम प्रत्येकाला खुणेचं नाव देत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं की मला नाव आहे. कानाच्या पाळीला दोन बोटं लावून झुलवली. दादा मला असंच बोलवायचा ना? लहानपणी मी तुझे झुमके घालून फिरायची, त्यावरून. आई, घरात माझं मुलाचं नाव ज्याच्या कानावर कधी पडलंच नाही, असा तो एकटाच होता. मॅडम म्हणाल्या की बहिऱ्या माणसाने दिलेलं नाव आम्ही बदलत नाही. मी कॅमेरा बंद करून रडले.

आता मला एक सांग. दहाव्याला त्याला कुणी काय सांगितलं, आणि कसं सांगितलं? मला तर तेरवी होऊन गेल्यावर कळवलंत. त्याच्याशी हाताने बोलणारं नाल्यावर कोण होतं?

वर्गाला घरच्यांनाही बसता येतं. लिंक तुझ्या फोनवर पाठवते. तुझ्या कानांसाठी तरी बस. आणि त्या जाणत्याकडे मुळीच जाऊ नकोस.

तुझा जीव माझ्यात आहे, तो तिथेच ठेव.
वैष्णवी


रिठद
२९ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस आईचे आशीर्वाद आणि एक पापा.

तुझा प्रश्न वाचला आणि तशीच उठले. तुझ्या चुलतभावाला, फुलचंदला बोलावून विचारलं. बायांना नाल्यावर नेत नाहीत, त्यामुळे मला काय कळणार? तो म्हणाला की समद्यांनी शब्द दिले, काकाले-काकूले सांभाळू, तुयी म्हैस विकणार नाही, तू सुखानं जाय. तोंडाने, बरं का. कावळा जसजसा दूर सरकला तसतशी ही मंडळी जास्त मोठ्याने ओरडली. जन्मभर ज्याला ऐकू आलं नाही, त्याला मेल्यावर ऐकू येईल असं या शहाण्यांना वाटलं! मी कपाळावर हात मारला. म्हणजे माझं लेकरू आपल्याला कुणी निरोपच दिला नाही असं समजून दारात उभं आहे.

आणखी एक झालं. कान गेल्यापासून मला माझा आवाज कळत नाही. तुझं पत्र मी हळू वाचतेय असं मला वाटलं, पण गोठ्यातल्या तुझ्या बाबांनी ते सगळं ऐकलं. झुमक्याचंही. तसेच शेतात निघून गेले. रात्री ताटावर बसले आणि वर्षात पहिल्यांदा त्या बाभळीचं बोलले. माझ्या कानाशी येऊन बोलले, म्हणून कळलं. बांधावरची बाभूळ तोडताना ती भलतीकडे, किशनच्या अंगावर कलली. त्याची तिकडे पाठ होती. सगळे ओरडले, हेही ओरडले. एरवी त्याला बोलवायला त्याच्या पायाशी ढेकूळ फेकायचे, रोजची सवय. त्या दिवशी कुणी ढेकूळ उचललं नाही. म्हणाले की म्या बाप असून ओरडलो. मग ताट तसंच सारून उठले.

तुझं नाव मात्र अजून घेत नाहीत. मी हट्ट सोडलेला नाही. किशनला हाताने निरोप द्यायचा तर ते तूच करू शकतेस, हे मी त्यांना रोज ऐकवते. जमीन रोज हलते. आता मी भीत नाही, पण पोराची दया येते.

विसरू नकोस म्हणायची गरज नाही, तरी म्हणते.
तुझी आई


नागपूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

काल वर्गात काय झालं ते तुला ठाऊक आहे की तुझ्या नकळत झालं? तुझ्या नावाने एक चौकोन उघडला. आत नुसता आपला पंखा आणि छत. मला वाटलं तूच. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, आमी रिठदहून मारोतराव बोलून राह्यलो, ऐकू येते काय? बहिऱ्यांच्या वर्गात, आई! ज्यांना ऐकू येतं ते आम्ही हसून लोटपोट झालो आणि मॅडमना सांगितलं, तर त्या सगळ्यांत जास्त हसल्या.

मग त्यांनी बाबांना फोन तांब्याला टेकवून ठेवायला लावला. हात दिसले. मग चेहरा. किती वाळलेत गं. त्यांना मी दिसत असणार, साडीत. मॅडमनी लिहून विचारलं की काय शिकायचंय, तर त्यांनी मागितलं, चूक झाली, हे कसं सांगतात. आणि घर. आणि आणतो. बोटं दुखेपर्यंत गिरवत होते. शेवटी मॅडमनी प्रत्येकाचं नाव विचारलं तेव्हा मी कानाला बोटं लावली. बाबांनी ते पाहिलं आणि फोन बंद झाला.

बोलावलं नाही तर मी येणार नाही. वेशीबाहेर चोरासारखं उभं राहणं मला जमणार नाही, दादासाठीसुद्धा नाही. पण रोज संध्याकाळी मी इथे पाय आपटते. खालचे भाडेकरू कटकट करतात. मला वाटतं, पोचत असेल.

जीव लाव, जसा लावतेस तसा.
वैष्णवी


रिठद
२ मार्च २०२५

चि. वैष्णवीस मारोतराव गुलाबराव याचे आशीर्वाद.

क्षेमकुशल तुझी आई लिहिते. मी सरळ मुद्द्याचं लिहितो.

श्राद्ध झालं. नाल्यावर पिंड ठेवला. कावळा येऊन लांब बसला. फुलचंद आणि मंडळींनी पुन्हा ओरडायला सुरुवात केली, मी त्यांना गप्प बसवलं. पुढे जाऊन हाताने सांगितलं. मी ओरडलो, चूक झाली, असं सांगितलं. मग कानाला दोन बोटं लावली आणि तिला घरी आणतो असं सांगितलं. सगळं गाव पाहत होतं. पाहू दे. कावळा शिवला. भटजी म्हणाले की सुटला.

पण सुटला नाही. त्याच संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो आणि माझ्या पायाखाली जमीन हलली. मला आजवर कधी कळलं नव्हतं. तुझ्या आईला मी वेडी म्हणत होतो. वर पाहिलं तर दारात त्याचे हात होते. नुसते हात, कोपरापर्यंत, बाह्या वर सारलेल्या. भराभर काही तरी सांगत होते. तुझ्या आईनेही पाहिले. तिच्या डोळ्यांना धार लागली, तिला काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. कालही आला.

मी सांगण्यापुरतं शिकलो. तो काय म्हणतो ते मला समजत नाही. लहानपणी तो बोलायचा आणि तू आम्हाला सांगायचीस, तेव्हा मी कधी पूर्ण ऐकून घेतलं नाही. वाशिमच्या स्टँडवर मी स्वतः घ्यायला येतो, गावातून माझ्यासोबत चालत घरी ये. तो रागावला आहे की मला माफ करून राह्यला, ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझा बाप,
मारोतराव