घणाचा आवाज

लातूर, सोमवार संध्याकाळ

आज पुन्हा तेच. उदगीरच्या एका शीतगृहासाठी अमोनियाची टाकी करायची आहे, आणि आमच्या मालकांना, म्हणजे अप्पांना, डाळमिलच्या बॉयलरमधून उरलेली प्लेट तिच्यात खपवायची आहे. उन्हात तापलेल्या प्लेटवर त्यांनी घण हाणला. टण्ण! "आवाज ऐकला का? लई पक्की हाय." यांची सगळी परीक्षा त्या एका टण्णवर! आत अमोनिया उणे तीस अंशांवर असणार, हे इंजिनिअर म्हणून मी कुणाला सांगू?

शेवटी त्याच प्लेटच्या तुकड्याला खाच पाडली, तो कोरड्या बर्फात गारठवला आणि घण अप्पांच्याच हातात दिला. टण्ण झालंच नाही. बिस्किटासारखे दोन तुकडे पडले.

अप्पा म्हणाले, "पण साहेब, उदगीरला एवढी थंडी कुठं पडती?"

डोकं आपटावं का भिंतीवर?

मी म्हणालो, "बरं, हीच प्लेट वापरू. फक्त टाकी पहिल्यांदा भरताना तुमच्या महेशला तिच्याशेजारी उभा करा."

अप्पांनी घण खाली ठेवला. पोराचं नाव निघताच विचारतात, "थंडीत टिकणारी प्लेट कुठं भेटंल?"

म्हणजे कळत होतं. पहिल्यापासून सगळं कळत होतं.