सूप अळणी, वाढप वेळेवर

९ मार्च, रविवार

चि. खारूताईस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला वाटेल, म्हाताऱ्याला फोन करायला काय झालं होतं. केला होता. सात वेळा केला. दर वेळी एक बाई सांगते की ही व्यक्ती सध्या आपल्याशी बोलू शकत नाही. तिचा आवाज तुझ्यापेक्षा गोड आहे, पण ठामपणा अगदी तुझ्यासारखाच. शेवटी पोस्टात गेलो आणि तिकिटं आणली. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घोड्यासाठी नाल मागतोय.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. चिरंजीव दर रविवारी फोन करतो, काय जेवलात विचारतो, मी सगळं जेवलो म्हणतो, आणि दोघांचंही समाधान होतं. तुझी वहिनी गेल्यापासून स्वयंपाक माझा मीच करतो. उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे, आणि पाहुणा आला तर दोन्ही.

आमच्या खवय्ये मंडळाचं तुला ठाऊकच आहे. दर शनिवारी दुपारी चौघांनी एखाद्या हॉटेलात नाहीतर पबमध्ये जेवायचं आणि फोनवरच्या गटात आपापलं मत टाकायचं. गावातले चारेकशे लोक ते वाचतात आणि मग कुठे जेवायचं ते ठरवतात. दंतवैद्य अजून प्रत्येक मांसाबद्दल ‘चावायला बरं’ किंवा ‘चावायला अवघड’ एवढंच लिहितो. शिंपीमामा दोन घास खाऊन पट्टा सैल करतात, तेच त्यांचं मत. ग्रंथपालबाई तीन परिच्छेद लिहितात आणि त्यातला एक टेबलक्लॉथवर असतो. मी सध्या मंडळातून रजेवर आहे. एका पबमध्ये मागे जरा घोटाळा झाला. फार काही नाही. लिहीन कधीतरी.

हो, गुरुवारी तुझ्या गल्लीत आलो होतो. मुद्दाम नाही. तुझ्या हॉटेलासमोर तो किल्ल्या बनवणारा बसतो ना, त्याच्याकडे काम होतं. तू काचेवरून फडकं फिरवत होतीस. पुढचे केस पांढरे झालेत तुझे, बरे दिसतात. मी निघणार तोच किल्लीवाल्याने विचारलं, काय पाहिजे. काहीतरी मागणं भाग होतं, म्हणून घराची जादा किल्ली करून घेतली. आता एकट्या माणसाने दुसरी किल्ली कुणाला द्यायची, हा एक नवाच प्रश्न होऊन बसला.

तब्येतीला जप. उभ्याने फार राबू नकोस.

तुझा
दादा


२३ मार्च, रविवार

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, याला मी प्रगती समजतो.

मागच्या पत्रात ज्याला मी घोटाळा म्हणालो, तो सांगतो. इतर कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. खरं म्हणजे गावात सगळ्यांना कळलेलं आहे, आणि तुझ्या हॉटेलात रोज पन्नास माणसं जेवतात, तेव्हा तुलाही कळलं असेल. तरी सांगतो.

नदीकाठच्या नव्या पबमध्ये आम्ही गेलो होतो. चौघांनी कोंबडीचं स्टू मागवलं. मी नेहमीसारखं शांतपणे जेवत होतो. तुला माहीत आहे, मी मत शेवटी देतो. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली, काटा स्थिर झाल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय. मंडळात या सवयीला मोठा मान आहे. तर मी ताट पुसून खाल्लं, पावाने कडाही पुसल्या आणि आणखी थोडं मागवलं. वर पाहिलं तर तिघांनीही चमचे खाली ठेवलेले. ग्रंथपालबाई पाण्याचा तिसरा ग्लास पीत होत्या. शिंपीमामांनी पट्ट्याला हातही लावला नव्हता. मला वाटलं, त्यांना आज भूक नसेल. मी म्हणालो, “स्टू उत्तम आहे. मिठाचा हात अगदी संयमी.”

तेवढ्यात आतून आचारी धावत आला. चांगला धिप्पाड गडी, पण चेहरा पडलेला. त्याच्या हातून स्टूमध्ये मीठ दोनदा पडलं होतं, दुसऱ्यांदा मुठीने. त्याला ते नुकतंच कळलं होतं आणि तो सगळ्या टेबलांवरची ताटं उचलायला आला होता. माझं रिकामं ताट पाहून तो तिथेच थांबला. मग माझ्या खुर्चीशी वाकून त्याने हळूच विचारलं, “काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

मी बरं वाटतंय म्हणालो. दंतवैद्य मात्र माझ्याकडे बघत राहिला. तो आत जाऊन काहीतरी कापून घेऊन आला आणि म्हणाला, डोळे मिटा, आ करा. दंतवैद्याने आ करा म्हटलं की माणूस करतोच. मी चावलं, गिळलं आणि सांगितलं, “सफरचंद. जरा कोवळं आहे.”

कच्चा बटाटा होता, खारूताई.

आता ऐक. दीड वर्षापूर्वी मला तो वाईट ताप आला होता, तू डबे पाठवले होतेस. त्या तापात माझा वास गेला आणि चव गेली. ताप उतरला, ती दोघं परत आली नाहीत. डॉक्टर म्हणाला, येतील. मी वाट पाहिली. रोज सकाळी चहा तोंडाशी नेऊन वास घ्यायचो, मग कॉफी, मग साबण, मग बुटाचं पॉलिश. काही नाही.

मंडळात सांगायला हवं होतं. पण निवृत्त झालो, पाठोपाठ तुझी वहिनी गेली, आणि नेमकं तेव्हाच मंडळाने मला बोलावलं. आठवड्यातून एक दिवस तीन माणसं माझी वाट पाहतात, माझं मत विचारतात. जीभ गेली असं सांगितलं असतं तर शनिवारही गेला असता. म्हणून मी काम चालवलं. कुरकुरीत काय ते कानाला कळायचं, गरम काय ते ओठांना. बाकीचं त्या तिघांच्या चेहऱ्यांवरून वाचायचो. बाईंची डावी भुवई वर गेली की आंबट, दोन्ही गेल्या की तिखट. शेवटी बोलायचो ते याचसाठी. त्या दिवशी चष्मा घरी विसरलो होतो, एवढंच.

त्या दीड वर्षात मी त्रेपन्न मतं लिहिली. सगळ्यात जास्त वाचली जायची ती माझी. समतोल असतात म्हणे.

मंडळाने मला हाकललं नाही. बाईंनी मात्र माझी सगळी मतं पुन्हा वाचून काढली आणि ज्या जेवणांना मी नावं ठेवली होती अशा नऊ जागांची यादी हातात दिली. मी स्वतःच म्हणालो, प्रत्येक ठिकाणी जाऊन माफी मागतो. गेले दोन आठवडे तेच चाललंय. मागच्या दाराने जायचं, टोपी काढायची, सांगायचं की मला चव कळत नव्हती. एका ठिकाणी मला ओल्या फडक्याने झोडपायचंच बाकी ठेवलं. तळलेल्या माशांवर मी ‘निर्जीव’ असं लिहिलं होतं, तिथला आचारी म्हणाला, मासा आणि कसा असणार. एका बाईने माझ्या मतानंतर आपला पाय बदलला होता, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजतात तो, खायचा. तो आता इतका खपतो की तिने मत मागे घेऊ नका म्हणून माझेच हात धरले. ज्यांचं मी कौतुक केलं होतं ते वेगळेच धास्तावलेत. एकाने माझं मत चौकटीत बसवून दारात लावलंय. मला लांबून येताना पाहिलं की तो दुकानाचं दार आतून लावून घेतो.

आठ झाली. यादीत नववं नाव तुझं आहे. किल्लीवाल्याकडे काम नव्हतं, हे तू ओळखलं असशीलच.

तुझ्याबद्दल मी लिहिलं होतं, “सूप अळणी. वाढप वेळेवर.” चार शब्द. लोकांनी त्याची म्हणच करून टाकली, कुणाला काही धड आलं नाही की म्हणतात, वाढप वेळेवर. तुझी टेबलं कित्येक महिने रिकामी राहिली, तेही मला कळत होतं. तू फोन केलास आणि विचारलंस, आधी मला का सांगितलं नाहीस. मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. मत निष्पक्ष असावं लागतं, म्हणालो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुलीपुढे उभी राहून जिने स्वतःची आठ टेबलं मांडली, तिला मी निष्पक्षपणा शिकवत होतो.

आता जे लिहायला मला दोन पत्रं लागली, ते. त्या दिवशी तू आईचं कांद्याचं सूप केलं होतंस, माझ्यासाठी मुद्दाम. मला माहीत होतं. लहानपणी आपल्यापैकी कुणी आजारी पडलं की आई ते करायची, आणि अंगणातून वास आला की बरं नसलेला उठून बसायचा. मी सकाळपासून उपाशी राहिलो होतो. मनाशी धरून चाललो होतो की कशानेही नाही आली तरी या सुपाने माझी चव परत येईल. पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. सगळा वाडगा संपवला, तळाशी असेल म्हणून. काही आलं नाही. त्या दिवशी मला कळलं की आता ती येणार नाही. मी बाहेर पडलो आणि बसस्टॉपवर उभा राहून ते चार शब्द लिहिले. राग कुणावर होता ते मला सांगता येत नाही. तुझ्यावर नव्हता.

मी तुझ्या सुपाबद्दल खोटं लिहिलं. ते कसं होतं, मला माहीतच नाही. गटात तसं लिहून टाकलं आहे, माझ्या नावानिशी. तुझ्या दारातही येऊन सांगीन, गिऱ्हाइकांसमोर सांग म्हणालीस तर तसं. फक्त ये म्हण.

तुझा अपराधी
दादा


२८ मार्च, शुक्रवार

ती. दादास,
सा. न.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी फाडणार होते, पण किल्लीपर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं. तू मला दिसला होतास. टोपी घालून लपता येतं असं तुला लहानपणापासून वाटतं.

आता माझं ऐक आणि मधे बोलू नकोस. पत्रात बोलता येत नाही हे एक बरं आहे.

त्या दिवशी सूप अळणीच होतं.

दोन तास कांदा परतत होते आणि दर पाच मिनिटांनी काचेतून बघत होते, दादा आला का. तू आलास, मी वाढलं, तू वाडगा चाटूनपुसून दिलास. मी मनात म्हटलं, जमलं. तू गेल्यावर लागोपाठ तीन टेबलांवरून सूप परत आलं. मग मी भांड्यात चमचा घातला. मिठाचा एक कणसुद्धा नव्हता, दादा. विसरले होते. तुला फोन करून सांगायचं, आपण दोघांनी हसायचं, असं मनात होतं. फोन हातात घेतला तर चारशे लोकांनी आधीच वाचलेलं.

मला राग आला तो तू खोटं लिहिलंस म्हणून नाही. तू खरं लिहिलंस म्हणून आला. वर्षभर मी हेच धरून बसले की दादाला पहिल्याच चमच्याला कळलं, तोंडावर काही न बोलता त्याने सगळं खाल्लं, आणि मग गावाला सांगितलं. माझ्या कानात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. आणि आता कळतंय की तुला काही कळलंच नव्हतं. त्रेपन्न मतांमध्ये एकच अगदी बिनचूक निघालं आणि नेमकं तेच तुला खोटं वाटतंय. हे वाचून मी पिठाच्या पोत्यावर बसले आणि इतकी हसले की भांडीवाल्या मावशी धावत आत आल्या. त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांचंही फार चुकलं नव्हतं.

गिऱ्हाइकांसमोर काही सांगू नकोस. गटात टाकलेली माफी आधी काढ, नाहीतर मला तिथे लिहावं लागेल की सूप खरंच अळणी होतं, आणि ते मी मरेपर्यंत लिहिणार नाही.

दीड वर्ष एकटा बुटाचं पॉलिश हुंगत बसलास. मला का नाही सांगितलंस, हे मी समोरासमोर विचारणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेव. बुधवारी नाकाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी बरोबर येणार. त्यांनी काही होणार नाही म्हणून सांगितलं तर तेही दोघांनी ऐकू.

मंगळवारी आमचं बंद असतं. या मंगळवारी ये, आणि मग दर मंगळवारी. पुढच्या दाराने ये. मी शिजवीन, तू जेव. मी समोर बसून सांगत जाईन, हे गोड आहे, यात मिरी जास्त झाली, हे अगदी आईसारखं झालंय. काही अळणी झालं तर तेही लपवणार नाही. पण ते तुला एकट्यालाच सांगीन.

वाट बघते.

तुझी
खारूताई