बेपत्ता म्हणजे

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे तुम्हाला लिहितोय. वाचता येणाऱ्याला लिहिलं तर तो उत्तर पाठवील, आणि मला सध्या उत्तराचीच धास्ती बसलीय. गोष्ट लांबवलेली तुम्हाला खपायची नाही, तेव्हा आधी बातमी सांगतो. तुमचा नातू, माझा पोरगा, फौजेत बिनतारी यंत्रावर आहे. उत्तरेत सरहद्दीवर लढाई झाली, त्यानंतर तो सापडत नाही. तशी तार आली. इंग्रजी अक्षरं मी इंजिनांच्या पुस्तकांवरून स्वतःच जुळवायला शिकलो, कुणाच्या शाळेत गेलो नाही; तरी ती तार हातात घेतली आणि एकही अक्षर लागेना. शेवटी लोहाऱ्याच्या पोस्टमास्तरांनीच वाचली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्या तारेचा मिळून एकच शब्द सांगितला. बेपत्ता.

हा शब्द तुम्ही पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला होता. माकणीच्या खाली, तेरणेच्या काठाला, दुपारचा आपला मेंढरांचा कळप बाभळींच्या सावलीत बसलाय. तुम्ही काठीवर हनुवटी टेकून, मी मांडी घालून. सोलापूरच्या स्टँडवरून आणलेलं लढाईच्या गोष्टीचं पुस्तक माझ्या हातात. मुखपृष्ठावर निळं पाणी आणि त्यातून वर आलेली पोलादी पाठ. मी 'पाणबुडी' म्हणालो तसं तुम्ही लगेच अडवलंत. "तळ्यातली? ती बुडी मारती नि पल्याड निघती. तिच्यात मानसं कुटं बसत्यात?" पाखरू आणि जहाज यांतला फरक सांगण्यात पहिलं प्रकरण गेलं. पुढं लेखकानं पाण्याखाली डिझेल इंजिन चालवलं. मी थांबून म्हणालो, हे साफ चूक आहे, इंजिनाला हवा लागते, खाली गेल्यावर ती बॅटरीवर चालते. तुम्ही माझ्यावर खेकसलात. "तू गोष्ट सांगायलास का इंजिन दुरुस्त करायलास? मानसं बुडाल्यात तितं!"

बोललात ते खरं, पण मला त्या पुस्तकांचं वेड लागलं ते त्या इंजिनापायीच. इथं विहिरीला पाणी का लागलं नाही, ताप कशानं आला, साहेब कशावरून चिडला, कशालाच कारण सापडत नाही. त्या पुस्तकांत मात्र दिवा विझला तर कुठंतरी तार तुटलेली असते. माणूस सगळं उलगडतो, तार शोधतो, जोडतो, दिवा लागतो. रेडार, दुर्बिणीची बंदूक, सांकेतिक ठोके, या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसायची: ज्याला यंत्र कळतं तो घरी येतो. तुमचा नातू माझ्याकडूनच बिघडलेला रेडिओ उघडायला शिकला. भरती होताना म्हणाला, "दादा, पुस्तकातलं यंत्र आता हातात बघतो." मी छाती काढून गावभर सांगितलं.

आता बसल्या जागी हिशेब करतो. त्याच्याजवळ यंत्र असेल. ते बिघडलं असलं तर त्यानं उघडलं असेल. पण बर्फात बॅटरी फार लवकर बसते, आबा. हे एवढ्या पुस्तकांत एकानंही लिहिलेलं नाही. बोटं गारठल्यावर बारीक स्क्रू धरता येतो का, हेही नाही. मी ती सगळी पुस्तकं पुन्हा काढली, पानं उलटली. सगळीकडं नायक बेपत्ता होतो ते प्रकरण संपताना, आणि पुढच्या प्रकरणात दाढी वाढलेला, खांद्याला जखम, पण चालत येतो. एकानं तरी मधली पानं लिहायला हवी होती. त्याच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, चूल पेटली का, ते कुणी लिहिलंच नाही.

त्या दुपारीही प्रकरण 'बेपत्ता'वरच संपलं होतं. तुम्ही विचारलंत, बेपत्ता म्हंजे? मी म्हणालो, पत्ता न्हाय. तुम्ही हसायलाच लागलात. "मंग त्यात काय! आपला तरी कुटं पत्ता हाय? दिवाळी झाली की कळप घिऊन निघायचं, पावसाळ्याच्या तोंडाला माघारी. मदी कुनी कागद धाडला तर कुटल्या बाभळीवर धाडंल? म्या जल्मभर बेपत्ता. मेलो का?" भाकरी घेऊन आलेली तुमची सून तोंडाला पदर लावून हसत होती.

ती आता हसत नाही, पण तुमचं ते बोलणं तिनं धरून ठेवलंय. परवा मी स्वयंपाकघरात गेलो तर ती पोराला धाडायला शेंगदाण्याची चटणी कुटत होती. म्हणाली, "बदली झाली असंल. तुमी नवा पत्ता मागवून घ्या, चटणी खवट व्हईल." मी म्हणालो, "अगं, फौजेत त्या शब्दाचा अर्थ..." तिनं मुसळ थांबवलं नाही. "मामंजी काय म्हनायचे? पत्ता न्हाय म्हंजे मानूस वाटंवर हाय." मी पुन्हा तोंड उघडलं. "तुमचा अर्थ तुमच्या पुस्तकात ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. दोघांनाही वास येत होता, आणि दोघांपैकी कुणीच हात पुढं केला नाही.

मग माझ्या ध्यानात आलं की अर्थ तिलाही ठाऊक आहे. शब्दाच्या चुकीवर मी आजवर कुणाला सोडलं नाही. लेखकाला नाही, पोस्टमास्तरांना नाही, तुम्हालाही नाही. ही चूक मात्र मला दुरुस्त करवत नाही. काल मी खरंच फौजेच्या वरच्या कचेरीला अर्ज लिहिला, मुलाचा नवा पत्ता कळवावा म्हणून. सुवाच्य अक्षरात. वाचणारा कारकून हसेल किंवा कपाळाला हात लावील. लावू दे.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मी तुमच्या तोंडी घालणार नाही. तुम्ही मेंढरं हरवलेली पाहिलीत, लेकरू नाही. हे कागद मी घडी करून कुठंही टाकणार नाही, तुम्हाला पोचवायची वाटही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. आज सकाळी पोस्टमन आमच्या गल्लीत वळताना दिसला आणि मी माझ्या दुरुस्तीच्या शेडमधलं मोठं इंजिन चालू केलं. गिऱ्हाईक विचारत होता, काय बिघडलंय. काही बिघडलं नव्हतं, आबा. पोस्टमनच्या सायकलची घंटी आमच्या दारात थांबते की पुढं जाते, ते मला ऐकायचं नव्हतं.