मी-रानची बॅग आणि निदाचा फॉर्म

७८६
जेद्दा, ९ नोव्हेंबर २०२५

लाडक्या निदाबेटीस,

असलाम अलैकुम. गुडघा सोडला तर मी खुशाल आहे. तू, अम्मी आणि दादीही खुशाल असाल. सोबत बुरैदाचा खजूर आहे. दादीला दिवसाला दोनच द्या, ती चार मागेल.

कागदावर बापाचं अक्षर बघून हसशील. पण मेसेज तू उघडत नाहीस, आणि फोन केला की अम्मी सांगते, "निदा अभ्यास करतेय." दोन महिने हेच चाललंय. एवढा अभ्यास झाला असेल तर यंदा बोर्डात पहिली यायला हरकत नाही! म्हणून हे पत्र. हनीफचाचा शुक्रवारी गावी निघालाय. त्याच्या अल अझीझियाच्या दुकानात बसूनच लिहितोय. तो तुझ्याच हातात देईल, तशी मी त्याला कसम घातली आहे.

त्या फोनवरचा विषय मी काढत नाही. बातमी सांगतो.

एकोणीस वर्षं मी इथल्या गोल्फच्या मैदानावर गवत कापतोय, हे तुला ठाऊकच आहे. या आठवड्यात तिथे बायकांची मोठी स्पर्धा झाली. मंगळवारी आमचा सुपरवायझर अली धापा टाकत आला. एका कोरियन खेळाडूचा कॅडी, म्हणजे तिची बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा माणूस, पाय मुरगळून हॉटेलात पडला होता. "यल्ला, चल जमाल," अली म्हणाला, "तुझ्याएवढं हे गवत कोण ओळखतं?" मी म्हटलं, गवत ओळखतो, खेळ नाही. त्याने ऐकलं तर ना!

तर तीन दिवस तुझा बाप कॅडी झाला. पांढरा अंगरखा, पाठीवर तिचं नाव. आरशात बघून मीच मला ओळखलं नाही.

तिचं नाव ओक मी-रान. वय तेहतीस, उंची आपल्या दादीएवढी, आणि बॅग जवळजवळ तिच्याच उंचीची. कोरियातल्या एका बेटावरची. बाप मासे सुकवायचा. आपल्याकडे खाडीवर सुकट घालतात ना, तसंच. "वासात मोठी झाले," ती नाक दाबून म्हणाली, तेव्हा मला वाटलं ही तर आपल्याच मोहल्ल्यातली. नवव्या वर्षी हातात काठी घेतली, सतराव्या वर्षी व्यावसायिक झाली. पहिल्याच वर्षी दोन स्पर्धा जिंकल्या. मग जपान, मग अमेरिका. मग मनगटाचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर सहा वर्षं एकही जिंकली नाही. या वेळी पहिल्या दहात आली तरच पुढच्या वर्षी खेळायची जागा राहणार होती. नाहीतर सोळा वर्षांचा खेळ इथेच, माझ्या गवतावर संपणार. हे ऐकल्यावर ती बॅग मला दुप्पट जड लागली.

पहिल्या दिवशी चालता चालता तिने विचारलं, "मिस्टर जमाल, डॉटर?" म्हटलं, एक आहे, सतरा वर्षांची. "शी प्ले?"

मी म्हटलं, "नो. ओन्ली स्टडी."

बेटा, हे खोटं मी का बोललो ते पुढे सांगतो. आधी माझा पराक्रम ऐक.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मी-रानचा चेंडू हिरवळीच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या कडेला, जेमतेम दोन बोटं बाहेर थांबला होता. समोर वाऱ्याने बारीक वाळू आणून पसरलेली. ती पलीकडे जाऊन उतार बघत होती. आणि माझा हात, एकोणीस वर्षांची सवय, गेला खाली आणि ती वाळू झाडून मोकळा! छान साफ केलं म्हणून मी खूशही झालो. हिरवळीवर ते चालतं. दोन बोटं बाहेर चालत नाही. कॅडीची चूक ती खेळाडूची चूक.

कुणीही पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त तिने. तिने स्वतः हात वर करून पंचाला बोलावलं, काय झालं ते सांगितलं, आणि दोन फटक्यांचा दंड घेतला. मला वाटलं, त्याच वाळूत गाडून घ्यावं. मी दहा वेळा सॉरी म्हटलं. अकराव्या वेळी तिने केळं काढलं, मोडून अर्धं माझ्या हातात दिलं आणि हसत म्हणाली, माझा बापही असाच, मी चेंडू मारायच्या आधी हाताने वाळू झाडायचा.

मी विचारलं, त्यांना गोल्फ येतं? "झीरो," ती म्हणाली. अंगणात तिचे चेंडू अडवायला दोन बांबूंना मासळीचं फाटकं जाळं बांधलेलं असायचं. वाऱ्याने ते उडायचं, म्हणून बाप एक टोक धरून उभा राहायचा. रोज संध्याकाळी, मासे उचलून झाले की. शेजारी हसायचे. त्याला खेळातलं काहीच कळत नव्हतं. तो फक्त जाळं धरायचा.

माझं अर्धं केळं मी तसंच खिशात ठेवलं.

काल शेवटचा दिवस. शेवटच्या हिरवळीवर बारा फुटांचा फटका उरला होता. चेंडू भोकात पडला तर पहिल्या दहात, नाही पडला तर घरी. तिला वाटत होतं चेंडू डावीकडे वळेल. पण ते गवत मी पहाटे स्वतः कापलं होतं. ते समुद्राकडे झुकतं, चेंडूला उतारावर धरून ठेवतं. मी म्हटलं, "स्ट्रेट. बिलकुल स्ट्रेट." आदल्याच दिवशी दंड पाडणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवेल? तिने ठेवला. मी डोळे मिटले. टपकन आवाज आला.

नववी आली, निदा! नववी! आणि अशी नाचली की जिंकलेली बाई बाजूला राहिली. अलीने मला उचललं, गुडघ्यासकट.

त्या गडबडीत मी तिला म्हटलं, "मॅडम, आय टेल लाय. माय डॉटर प्ले. खो-खो. व्हेरी फास्ट." खो-खो म्हणजे काय, तिला कळेना. मग मी पार्किंगमध्ये अलीला आणि दोन माळ्यांना ओळीने उकिडवं बसवलं, पाठीवर थाप मारून ओरडलो, "खो!" अली उठायच्या ऐवजी आडवाच झाला. मी-रान हसून हसून रडली. मग म्हणाली, "यू सी हर प्ले?"

पाहिलंय, बेटा. तुला कधी सांगितलं नाही. मागच्या रजेत शाळेच्या कुंपणामागून पाहिलं. तू खांबाकडे सूर मारलास, कोपर फुटलं, आणि उठून हसलीस. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. तू दूर जाशील, आणि मी तर आधीच दूर. म्हणून तू राज्याच्या शिबिराचा फॉर्म पाठवलास तेव्हा मी फोनवर ओरडलो, "मुलीच्या जातीला मैदान कशाला? खलास!" शेजारी काय म्हणतील ते निमित्त होतं. जगभरच्या मुलींसाठी मी रोज मैदान राखतो, आणि माझ्या मुलीला मीच बाहेर काढलं. मग ती खेळते, हे मी-रानला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? चुकलो, निदा. मला माफ कर.

मी-रानने तुझ्यासाठी सही करून हातमोजा दिलाय. एकाच हाताचा आहे. दुसरा हनीफचाचाने हरवला असं समजू नकोस, गोल्फमध्ये एकच घालतात.

फॉर्म माझ्या फोनमध्येच होता, पुसला नव्हता. आज इथे छापून घेतला, सोबत जोडलाय. तीस तारखेच्या आत सरांना दे. एप्रिलमध्ये रजेवर येतोय. खो-खोतलं मला काही कळत नाही, पण सरावाला येऊन उभा राहीन. खांब धरायचा असेल तर तोही धरीन.

आणि सरांनी खाडाखोडीबद्दल विचारलं तर सांग, बापाने केली. पालकाच्या सहीच्या वर छापलंय, "माझी हरकत नाही." तेवढ्यावर माझं भागेना. म्हणून ते खोडून खाली पेनाने लिहिलंय, "मला आनंद आहे."

तुझाच,
अब्बा