नळावरच्या गांधीलमाश्या

३ ऑगस्ट, रविवार

एकोणीस. सकाळी दहा ते सव्वादहा, अंगणातल्या नळापाशी. मागच्या रविवारी सव्वीस होत्या. दोन्ही दिवस ऊन, जागा तीच, खुर्ची तीच. एकच माशी दोनदा मोजली जात असणार, पण ती चूक दर रविवारी सारखीच होते. चालतं.

फेब्रुवारीत मोजायला लागले ते भीतीने. मागच्या ऑक्टोबरात उजव्या हाताला तीन चावल्या. हात कोपरापर्यंत सुजला, घसा आवळला. शेजारच्या अर्जुनरावांनी आपल्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं, लक्ष ठेवा. लक्ष ठेवता ठेवता भीती कुठे गेली कळलं नाही. वालाच्या वेलावरची एकेक अळी त्या उचलून नेतात, तास तास बघत बसते मी. आता कमी झाल्या तर बरं वाटायला हवं. वाटत नाही.

५ ऑगस्ट

वालाच्या पानांना भोकं.

१७ ऑगस्ट, रविवार

अकरा. माश्यांची पाच पोळी होती. लिंबातलं आधीच गेलं होतं, आता सज्जाच्या कोपऱ्यातलंही गेलं. टाकीखालचं, घोसाळ्याच्या मांडवातलं आणि दारावरच्या पाटीमागचं तेवढं शिल्लक. गळून पडलं असतं तर खाली सापडलं असतं. देठासकट नाहीसं झालंय.

बाबांना विचारलं. ते आणि अर्जुनराव ओट्यावर चहा घेत होते — रोजची दहाची वेळ, भोसरीच्या फाउंड्रीत दोघं एकाच भट्टीवर होते तेव्हापासूनची. बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "पावसाने गेलं असंल."

अर्जुनराव म्हणाले, "पोरी, चावल्या तरी मोजतीस, गेल्या तरी मोजतीस. कंपनीत पोट भरंना का तुझं?"

हसले मी.

२० ऑगस्ट

चाकणला कंपनीत आज ग्राहकाची तक्रार आली. ब्रॅकेटला तडा. 'का-का'चा तक्ता भरायला बसलो — पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला खरं कारण सापडतं असं प्रशिक्षणात शिकवतात. चौथ्या 'का'ला माल पुरवणाऱ्याचं नाव आलं. पाचवं विचारलं असतं तर आमच्याच तपासणीपाशी आलं असतं, म्हणजे माझ्या टेबलापाशी. माझ्या हाताखालचा विक्की म्हणाला, "मॅडम, व्हेंडरवर टाका, क्लोज करा. बस सुटंल." सही केली. बस मिळाली.

२७ ऑगस्ट

अर्जुनरावांकडे काल वाळवीचं औषध मारायला माणूस आला होता. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं. सेकंड शिफ्टला निघताना पाहिलं.

३१ ऑगस्ट, रविवार

सहा. मांडवातलं पोळं गेलं.

जुन्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. घट दर आठवड्याला नाही, एक आठवडा सोडून. मी सेकंडला असते त्याच आठवड्यांत! दुपारी दोनला जाते, रात्री साडेअकराला येते. फर्स्टच्या आठवड्यात एकही पोळं हललेलं नाही. कुणीतरी माझ्या जाण्याची वाट बघतं.

तक्ता मांडला. माश्या कमी का? पोळी गेली. पोळी का गेली? कुणी काढली. का काढली? भीतीने. भीती का? घरात लहान नातवंडं. अर्जुनरावांची नातवंडं जूनपासून इथेच आहेत. औषधवालाही त्यांच्याकडेच आला.

एवढ्यावरून एखाद्याला दोषी धरणं बरोबर आहे का? नाही. धरलं का? हो.

१२ सप्टेंबर

भांड्यांचा साबण पुन्हा संपला. मीच जास्त ओतते की काय. दोरीवर बाबांचे फाउंड्रीतले कातडी हातमोजे वाळत होते. "कुंड्या हलवल्या," म्हणाले. वय त्र्याहत्तर. मी रागावले.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन.

टाकीखालचं पोळं गेलंय आणि आमच्या आणि अर्जुनरावांच्या मधल्या भिंतीच्या पायथ्याशी मेलेल्या माश्या. चौदा. कागदावर ओळीने ठेवून फोटो काढला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — 'शेजाऱ्याच्या अंगणात चोरून विष मारणाऱ्यांनी आपली माणुसकी तपासावी.' नाव घातलं नाही. गल्लीत वाळवीचं औषध एकाच घरी झालंय, नाव घालायची गरज नव्हती. गल्लीतल्या सुमनताईंनी लगेच विचारलं, 'दिघीत असलेही लोक आहेत का?' मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर देण्यापेक्षा वाईट होतं हे कळत होतं.

अर्जुनराव फाटकाशी आले. आत आले नाहीत.

"घरातल्या चौकटीला मारलंय मी औषध. तुमच्या माश्यांशी मला काय करायचं?"

"मग या मेल्या कशा?"

"ते मला काय माहीत? आमच्या गावाकडं पोळं काढायचं तर पलिता धरून सगळ्यांदेखत काढत्यात. चोरून कशाला करू?"

"नातवंडं आहेत ना घरात."

त्यांनी फाटकावरचा हात काढला. मग म्हणाले, "बरं मॅडम."

चाळीस वर्षांत मला कधी मॅडम म्हणाले नव्हते.

बाबा ओट्यावरून म्हणाले, "दीक्षे, ऐक जरा. त्यानं नाही केलं." मी म्हटलं, "तुमचा दोस्त, तुम्ही त्याचंच ओढणार." ते म्हणाले, "अगं, मी सांगतो तुला—" मी हात वर केला. कंपनीत लाइनवरच्या माणसाला थांबवते तसा. ते थांबले.

१५ सप्टेंबर

फर्स्टहून आल्यावर कळलं, दहाच्या चहाला अर्जुनराव आले नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

तीन. पाटीमागचं एकच पोळं उरलंय, तिथल्याच असणार.

बाबा रोज दहाला दोन कप ओट्यावर मांडतात. सव्वादहाला एक पितात, दुसरा लिंबाच्या आळ्यात ओततात. मी म्हटलं, एकच करत जा. "सवय आहे," म्हणाले. जेवण कमी झालंय. पेपर घडीसकट पडलेला असतो, शब्दकोडं कोरं. ते दोघं मिळून सोडवायचे. अर्जुनरावांना नद्यांची नावं पाठ, बाबांना जुने मंत्री.

मी बरोबर असेन तरी हे बरोबर नाही. आणि मी बरोबर आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

तीन. वालाचा वेल संपला. देठ तेवढे राहिलेत. अळ्या चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या. माश्यांना जे आयतं जमायचं ते मला दोन तास लागले.

अर्जुनराव ग्रुपमधून बाहेर पडले. रस्त्यात दिसले, रिक्षा पुसत होते. मी मान वळवली की त्यांनी, नक्की सांगता येणार नाही. बहुतेक मी.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारातून आलो. दर वर्षी बाबा खिरीचा पहिला वाडगा भिंतीवरून अर्जुनरावांना देतात. आज वाडगा भरला, भिंतीपर्यंत नेला, परत आणला. फ्रिजमध्ये ठेवला.  

८ ऑक्टोबर, बुधवार

सेकंड शिफ्ट. ग्राहकाची लाइन बंद पडली म्हणून आमचीही बंद, पाचला सगळ्यांना सोडलं. सव्वासहाला गल्लीत पोचले.

दारासमोर स्टूल. स्टुलावर बाबा. हातात कातडी मोजे, डोक्याला टॉवेल, आणि काच पुसायची फवाऱ्याची बाटली. पाटीमागे साबणाचं पाणी मारत होते. माश्या ओल्या होऊन टपाटपा पडत होत्या. पोळं मोज्याने देठासकट उपटलं आणि पिशवीत टाकलं. दुरुस्ती खात्यातला माणूस करतो तसं, एकही हालचाल फुकट नाही. मग मला पाहिलं.

खाली उतरवलं त्यांना. 

"टाकीखालचंही तुम्हीच?"

"सगळी. दर सेकंडला एक, भांडणानंतरची तेवढी सोडली. एकदम काढली असती तर तुला दिसलं असतं. टाकीखालच्या काही उडून भिंतीशी पडल्या, अंधारात वेचायच्या राहिल्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगायला लागलो होतो. तू हात दाखवलास. आधीच ग्रुपवर टाकून बसली होतीस, मग चारचौघांत तुला खोटी कशी पाडू? अर्जुनला दुसऱ्याच दिवशी सांगितलं मी. तो म्हणाला, मग पोरीला सांग, मी येतो चहाला. ते काय माझ्याच्यानं झालं नाही."

"पण काढलीत कशाला? मला त्या हव्या होत्या!"

ते गोंधळून बघायला लागले. "तूच सांगितलं होतंस की."

मी असं काही सांगितलेलं नाही. दर रविवारी मोजणारी बाई असं सांगेल का? आठवण दगा द्यायला लागली आहे त्यांची. पिंपरीला मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं. आधी अर्जुनरावांवर ढकललं, आता बाबांवर — नाही, हे वाक्य खोडत नाही. राहू दे.

९ ऑक्टोबर

मागच्या वर्षीची वही काढली. १३ ऑक्टोबर. डाव्या हाताने लिहिलेलं वाकडं अक्षर, उजवा सुजला होता म्हणून — 'बाबांना बजावलं, पुढच्या वर्षी या घरात एक तर त्या राहतील नाहीतर मी. एक पोळं दिसता कामा नये. त्यांनी मान हलवली.'

दहाला ओट्यावरचा दुसरा कप उचलला आणि अर्जुनरावांचं फाटक वाजवलं. आतून आवाज आला, "कोण? मॅडम का?"