आंबट संत्र्याचं बूड

दादा,

मी सकाळच्या बसनं पारशिवनीले जाऊन राहिली, आत्याकडे. डब्यात पोळ्या अन् वांग्याची भाजी आहे. झाड तोडणारा माणूस दहाले येईल, त्याले आज परत पाठव.

काहून ते सांगते. बाबाने लावलेल्या संत्र्याले लिंबासारखी आंबट फळं कशी लागतात, हे मले समजतच नव्हतं. म्हणून काल बुडाशी बसून नीट पाहिलं. वीतभर उंचीवर कलमाचा जोड आहे. जोमानं वाढलेल्या साऱ्या काटेरी फांद्या त्या जोडाच्या खालून फुटल्या आहेत. पान चुरगाळून हुंगलं, तर वासही लिंबाचा. म्हणजे ज्या जंबेरीवर, त्या रानटी लिंबाच्या बुडावर, संत्र्याचा डोळा बांधला होता, तीच माजली आहे. खालचे फुटवे बाबा दर वर्षी खुडत. ते तुह्याशी भांडून आत्याकडे राहायले गेले, तेव्हापासून तीन वर्षं कोणी खुडलेच नाहीत.

जोडाच्या वरची एक फांदी अजून जिवंत आहे, भिंतीकडे दबलेली. तिले दोन संत्री होती. एक मी खाल्लं, गोड निघालं. दुसरं तुह्यासाठी फ्रिजवर ठेवलं आहे.

आता कुठून किती कापायचं ते बाबालेच समजते, म्हणून त्यांले आणायले चालली. ते पहिले हेच विचारतील, की प्रेमानंदनं बोलावलं का. मी खोटं बोलणार नाही. माही बस नऊले पोचते. त्याच्या आधी तू त्यांले फोन कर.

रोशनी