खणायला नाही, जोडायला

बा, तुझं एक म्हणणं मी आयुष्यभर मोडत आले, आणि आज ते पुरतं मोडलं म्हणून लिहायला बसले आहे. तू म्हणायचास, "आपुन खड्डा खनायचा. तार कुनाची, बोलनं कुनाचं, आपल्याला काय करायचंय." ताम्हिणीच्या रस्त्याकडेला टेलिफोनच्या केबलसाठी तू चर खणत होतास, तेव्हा मी नऊएक वर्षांची असेन. तुझी भाकरी घेऊन मी आले होते. केबल जोडणारा माणूस छत्रीखाली मांडी घालून बसला होता, पुढ्यात रंगीत तारांचा झुपका. मी वाकून विचारलं, "ही निळी कुटं जाती?" तो हसला, सांगणारही होता. तेवढ्यात तू चरातून वर आलास आणि चिखलाच्या हाताने माझ्या कानाखाली दिलीस. "सायबाच्या कामात तोंड घालतीस व्हय? माफी माग." मी मागितली. गाल दुखला नाही, बा. तो माणूस रागावलाच नव्हता, हे दुखलं.

तुला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. यंदा पौडला एक वर्ग निघाला. गावोगाव इंटरनेटची केबल न्यायची, त्या सरकारी कामासाठी माणसं तयार करायचा. दहावी पास लागत होती. तुझ्या मनाविरुद्ध आईने मला दहावीला बसवलं होतं, तेच उपयोगी पडलं. दोन मुलांची आई मी, वय चाळिशीला टेकलेलं, बाकड्यावर विशीतल्या पोरांशेजारी बसायचे. पहिल्याच आठवड्यात सरांनी कामं वाटली. शहराजवळच्या, नांद्याकडच्या पोरांना जोडणीचं मशीन, आमच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्यांना चर आणि पाइप. "तुमच्याकडची माणसं खणण्यात तरबेज," ते म्हणाले, तेही कौतुकाने. मी उभी राहिले.

"सर, मी खणायला आले न्हाई. जोडायला आलेय."

"ताई, केसाएवढी काच असते ती. हात जरा हलला की गेली."

"हलला तर काढून टाका."

या केबलमध्ये तांब्याची तार नसते, बा. काचेचे धागे असतात, त्यातून उजेड धावतो. धाग्यावरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक अगदी सरळ कापायचं, मग मशीन ठिणगी पाडून दोन टोकं वितळवतं आणि एक करतं. त्याआधी एका धाग्यावर बारीक नळी सरकवून ठेवावी लागते, ती नंतर जोडावर बसवतात; जोड झाल्यावर ती घालता येत नाही. परीक्षेच्या दिवशी मी नळीच विसरले. जोड चांगला झाला होता आणि तो कापावा लागणार होता. सर हळूच म्हणाले, "राहू द्या ताई. चरावर तुमची जागा आहेच." आवाज त्यांचा होता, पण मला तुझाच वाटला. सगळ्यांदेखत मी तो जोड कापला. परत सोललं, पुसलं. आधी नळी, मग टोक. कोपर टेबलावर दाबून धरलं. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं जवळ आली, ठिणगी पडली, जोडात किती उजेड गळतो त्याचा आकडा मशीनने दाखवला, जवळजवळ शून्य. सरांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "यांना जोडणीवर घ्या," एवढंच म्हणाले.

आज दुपारी कोळवणच्या खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीत केबल चालू झाली. तिथल्या जोडांच्या पेटीतले चोवीसही जोड माझ्या हातचे आहेत. तू म्हणशील, लई शानी झालीस. व्हय, झाले. त्या माराबद्दल आई सांगायची, बा तुला वाचवत होता गं, हातचं काम जाईल म्हणून भ्याला. असेल. मला ते वाचवणं तेव्हा नको होतं, आजही नको आहे. पोरीला मारून टिकणारं काम गेलं असतं तर जाऊ द्यायचं होतंस.

हे मी कुणाला दाखवणार नाही. वहीतच राहील. फक्त एक लिहायचं राहिलं. वर्गाचा फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं होतं, वडील काय करायचे. मी म्हणाले, टेलिफोन खात्यात होते, केबलवर. खणायचे, हे सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.